करडाची बाटली

आये,

तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊन सत्तावीस वर्षं झाली. म्हणजे हा कागद तुझ्यापर्यंत जायचा प्रश्नच नाही. तरी लिहितेय. चौथीतून तूच मला काढलंस, शेरडांमागं जायला, त्यामुळं अक्षर कसंबसं येतंय ते तुझ्या नावावर. थोरल्या नातवाच्या वहीची मागची पानं फाडून घेतलीत. मघाशी सून विचारत होती, "आई, काय लिहिताय एवढं?" म्हटलं, देवाचं. तर म्हणते, "देवाचं लिहिताना शिव्या पुटपुटता व्हय?" तिला काय सांगणार. तुला सांगते.

तुला पणती झाली. तीन महिने होतील आता. वरचा ओठ डाव्या अंगानं पार नाकपुडीपर्यंत उघडा, आणि तोंडात बोट घातलं की वर टाळू लागत नाही, सरळ नाकाची पोकळी लागते. समजलं ना तुला? तसंच. माझ्या पहिल्या पोरीसारखंच. नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, आधी ओठाचं ऑपरेशन करू, मग टाळूचं, पोरगी सगळ्यांसारखी जेवेल, बोलेल, भांडेल. फक्त ओठाला टाके घालायच्या आधी ती पाच किलोची झाली पाहिजे, तेवढं तिच्या पोटात घाला. जन्मली तेव्हा अडीच किलो होती. पाच किलो, बास. आमच्या घरातलं सगळं बोलणं, सगळी भांडणं त्या पाच किलोवर येऊन थांबली.

आणि मी काय केलं ते ऐक. दवाखान्यात सून पडलेली, अंगात उठायची ताकद नाही, मी दुपटं बाजूला करून पोरीचं तोंड बघितलं, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "ग्रहणात काय चिरलं हुतंस?" ते वाक्य तुझं आहे, आये. जसंच्या तसं, तुझ्याच आवाजात, मान तशीच वाकडी करून. पंचेचाळीस वर्षं ते माझ्या घशात बसून होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. सुनेनं माझ्याकडं बघितलं. रडली नाही. उशाखालचा मोबाईल काढला, बोटानं वरखाली केलं आणि म्हणाली, "आई, ह्या नऊ महिन्यांत आपल्याकडं ग्रहण दिसलंच न्हाई. अजून काय विचारायचं असंल तर विचारून घ्या." तिनं थोबाडीत मारली असती तरी मी गप्प बसले असते. मला तुझ्यापुढं असं बोलता आलं नव्हतं. माझ्याकडं मोबाईल नव्हता, आणि तेव्हा ग्रहण तर खरंच झालं होतं.

सुनेला दूध भरपूर. पण पोरीला ओढता येत नाही. ओढायला तोंड सगळीकडून बंद व्हावं लागतं, आणि हिला तर वर भोक. चिरलेल्या नळीतून पाणी शोषल्यासारखं, हवाच येते. दवाखान्यात दूध काढून वाटी-चमच्यानं पाजायला शिकवलं आणि घरी सोडलं. घरी एकेका वेळेला तास तास जायचा. अर्धं दूध नाकातून, अर्धं दुपट्यावर, आणि पोरगी दमून झोपायची ती उपाशीच. आठवड्यानं आशाताई काटा घेऊन आल्या तर वजन वाढायचं सोडून कमी झालेलं. लेकानं त्याच दिवशी कोल्हारच्या मेडिकलातून बाटली आणली. कडक प्लास्टिकची, वर अस्वलाचं चित्र. दुसऱ्या दिवशी आशाताईंनी ती बघितली आणि माझ्यावरच घसरल्या, "आजी, बाटली न्हाई हां. बाटलीनं हगवण लागती. मीटिंगला किती बोंबलून सांगते मी." मी म्हटलं, "हगायला आधी पोटात काय तरी जाऊ द्या की." त्या चिडून निघून गेल्या.

त्या अस्वलाच्या बाटलीचं भोक सुईच्या टोकाएवढं. पोरगी चोखून चोखून लाल व्हायची आणि बाटलीतलं दूध जागचं हलायचं नाही. मग मी आमच्या सगळ्या बायका करतात तेच केलं. गोण्या शिवायचं दाभण गॅसवर लाल केलं आणि भोक मोठं करून टाकलं. पाय पसरून बसले, पोरीला मांडीवर आडवं घेतलं आणि बाटली तोंडात दिली. दूध धो धो गेलं. मला वाटलं, चला, जमलं. दोन घोट झाले असतील, तेवढ्यात दूध नाकातून उसळलं, पोरीनं डोळे पांढरे केले आणि तिचे ओठ, जे काय ओठ आहेत ते, निळे झाले. मी नुसती बघत राहिले, आये. माझे हात हललेच नाहीत. सून आतून धावत आली, तिनं पोरीला हिसकावून पालथं धरलं, पाठीवर थापट्या दिल्या, तेव्हा कुठं पोरगी रडली. लेकानं टेम्पोतल्या कांद्याच्या गोण्या तशाच ठेवून आम्हाला नगरला नेलं.

दवाखान्यात एक सिस्टर आहेत. बोलायला माझ्याच तोडीच्या. त्यांनी बाटली उजेडात धरून बघितली. "हे भोक कुणी केलं?" म्हटलं, मी. "कशानं?" म्हटलं, दाभणानं. "बरं. पुढच्या वेळी पहार आणा." मग त्यांनी कपाटातून दुसरी बाटली काढली. मऊ, दोन बोटांत दाबली की दबणारी. निपल लांब, आणि त्याला गोल भोक नाही, अधिकच्या चिन्हासारखी चीर. दाबलं तरच दूध येतं, सोडलं की बंद. त्यांनी पोरीला आडवं घेतलंच नाही. मांडीवर उभी बसवली, मान हातावर वर धरली, निपल उजवीकडं सारलं, जिकडं ओठ धड आहे तिकडं. पोरीनं जबडा हलवला की बाटली हळूच दाबायची, ती थांबली की हात सोडायचा. मला म्हणाल्या, "तिच्या मागं चालायचं आजी, पुढं पळायचं न्हाई." जरा वेळात बाटली रिकामी झाली. नाकातून दोन थेंब आले असतील. पोरगी ढेकर देऊन झोपली.

सून रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला तू दिसलीस, आणि माझं डोकं जे फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही.

नेवाशाकडचं आपलं घर. मी सतरा वर्षांची, पहिलटकरीण, म्हणून माहेरी आलेली. अंगणाच्या कडेला छपरात माझी बाज, खाली शेगडी. समोर पाच पावलांवर शेरडांचा गोठा. त्याच आठवड्यात तुझी तांबडी शेळी व्यायलेली. तिला सडं दोन आणि करडं तीन. दोघं धट्टीकट्टी, तिसरं नुसतं कातडं. त्याला उभं राहता येत नाही, त्या दोघांपुढं सडापर्यंत पोचता येत नाही, आणि सड तोंडात दिलं तरी ओढायचा जोर नाही. तू त्याला घेऊन बसतेस. तुझ्याकडं खोकल्याच्या औषधाची काचेची बाटली आहे, आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं दिलेलं रबरी बोंड. बोंडाला तू ब्लेडनं चीर पाडलीस, एक उभी, एक आडवी. करडाला दोन गुडघ्यांत उभं धरतेस, त्याची मान वर करतेस, बोंड तोंडात देतेस, आणि त्याला ओढता येत नाही म्हणून दोन बोटांनी ते रबर दाबतेस. त्यानं गिळलं की दाबतेस, थांबलं की थांबतेस. शेजारची पोरगी बघायला आली होती, तिला म्हणालीस, "आडवं धरून कधी पाजू न्हाई. मान वर पायजे. न्हायतर दूध छातीत जातं अन् करडू घुसमटून मरतं." मी बाजेवर पडल्या पडल्या ऐकलं. मला तो शब्द न् शब्द आठवतो.

आणि करडाचं झालं की तू हात धुवून माझ्याकडं यायचीस, माझ्या पोरीला मांडीवर आडवी टाकायचीस आणि कापसाचा बोळा दुधात बुडवून तिच्या तोंडात पिळायचीस. दूध नाकातून यायचं. ती ठसकायची. तू पदरानं तोंड पुसायचीस आणि म्हणायचीस, "ऱ्हातंय कुठं पोटात." रोज. दिवसातून चार-पाच वेळा. ह्या अंगाला करडू उभं, त्या अंगाला माझी पोरगी आडवी. मधी पाच पावलं.

मी म्हटलं होतं तुला. चौथ्या का पाचव्या दिवशी म्हटलं होतं, "आये, करडाच्या बाटलीनं पाजून बघ की." तू माझ्यावर केवढी ओरडलीस. "शेरडाचं बोंड माणसाच्या लेकराच्या तोंडात? अन् तुला दूध आसताना बाटली? तुझ्या सासरचे म्हणतील पोरीला दूधच न्हाई." सासरचे काय म्हणतील, हे तुला मोठं. नगरला दवाखान्यात नेऊ म्हटलं तर म्हणालीस, "येष्टीत ते तोंड कुणाकुणाला दाखवत न्यायचं?" ते तोंड म्हणालीस. पोरीचं तोंड नाही म्हणालीस. टोपड्याची पुढची कड तू एवढी खाली ओढायचीस की तिचे डोळेसुद्धा झाकायचे.

आणि ग्रहण. मला सातवा महिना असताना ग्रहण लागलं तेव्हा तुझ्याच घरात होते. तूच मला आतल्या खोलीत गोणपाटावर सरळ निजवलंस, दार लावलंस आणि बजावलंस, हात हलवायचा नाही, खाजवायचंसुद्धा नाही. मी हललेच नाही, आये. पाठीला मुंग्या आल्या तरी नाही. लघवी कोंडून पडून राहिले. आणि पोरगी झाल्यावर तुझं सुरू झालं, काय चिरलंस, काय तोडलंस, खरं सांग. काही नाही म्हटलं तर, "काय तरी केलंच आसशील, आसं कसं हुईल?" सकाळी तेच, दुपारी तेच. शेवटी तिसऱ्या दिवशी मी वैतागून म्हटलं, "व्हय, दातानं दोरा तोडला." कुठला दोरा न् काय. तुझा चेहरा असा मोकळा झाला की जसं काही तुला ताप होता आणि तो उतरला. तुझ्या घरात, तुझ्या राखणीत घडलेलं, त्याचा बोल तुझ्यावर येणार होता, तो तू उचलून माझ्यावर टाकलास. माझ्या सासूला तू स्वतः सांगितलंस, "पोरगी अवखळ, दोरा तोडला तिनं." माझी सासू मरेपर्यंत ते बोलत राहिली. नंतर माझी दोन लेकरं झाली, दोन्ही वेळेला ग्रहण असो नसो, मला खोलीत कोंडलं.

बाराव्या दिवशी तू पाळणा बांधला नाहीस. बाया विचारायला आल्या तर म्हणालीस, "बघू, ऱ्हाऊ द्या अजून." त्याच दिवशी करडू पहिल्यांदा चार पायांवर उड्या मारायला लागलं, आणि तू त्याच्या गळ्यात घुंगरू बांधलंस. मी बाजेवरून बघत होते. तुला वाटलं असेल मी झोपलेय. एकोणिसाव्या दिवशी माझी पोरगी गेली. तिला नाव नव्हतं. म्हणून मी इतकी वर्षं तिला मनात हाक मारायची म्हटलं तरी काय म्हणू, हा प्रश्न पडतो.

लोक म्हणतात, तेव्हा सोयी नव्हत्या. मीही तेच म्हणत आले. कुणी विषय काढलाच तर म्हणायचे, तेव्हा आत्तासारखं काही नव्हतं हो. त्या दिवशी सिस्टरच्या हातात ती बाटली बघितली आणि कळलं की हे खोटं आहे. सगळं होतं. चीर पाडलेलं बोंड होतं. मान वर धरायची अक्कल होती. दाबायचं कधी, सोडायचं कधी, ते तुझ्या बोटांना ठाऊक होतं. नगरच्या दवाखान्यात आज जे शिकवतात ते तू अंगणात बसून शेजारच्या पोरीला फुकट शिकवत होतीस. माझ्या पोरीला तेवढंच हवं होतं. उकळून घेतलेली एक बाटली आणि तुझा हात.

आता मला विचारायचंय ते हे. तुला सुचलं नाही, की तू ठरवलं होतंस? पोरगी, त्यात असं तोंड, जगली तर कोण करून घेईल, आपल्या लेकीला सासरी नांदवतील का, असं काही तुझ्या डोक्यात होतं का? सुचलं नसेल तर तू अडाणी. ठरवलं असशील तर तुला काय म्हणायचं, तो शब्द मी चौथीपर्यंत शिकले नाही. तुझ्या शेवटच्या आजारपणात मी दोन महिने तुझ्या उशाशी होते. तू पूर्ण शुद्धीत होतीस. भाकरी जाड झाली म्हणून मला बोलत होतीस. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, तुला खोटं बोलायची सवय नव्हती. मी विचारलं नाही. तू "व्हय" म्हणाली असतीस तर तुझी पाठ पुसायला माझा हात पुढं झाला नसता, आणि पुसणारं दुसरं कुणी नव्हतं.

ते करडू मोठं झालं. पुढं त्याची शेळी झाली, आणि ती तू विकली नाहीस, कापायला दिली नाहीस. म्हातारी होऊन मेली तुझ्या दारात. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला माहीत नाही, आणि तो तुझ्या बाजूनं लावायला मी बांधलेली नाही.

मलाही बोलून घे. मीही तिथंच होते. ऐकलं मी, बघितलं मी. तू शेरडांना पाणी पाजायला ओढ्यावर जायचीस तेव्हा ती बाटली खुंटीला टांगलेली असायची. उठून घेता आली असती. मी सतरा वर्षांची होते आणि तुला भीत होते. हे माझं कारण. तुझं काय?

आता पुढचं. परवा पोरीला वजनाला नेली होती. चार किलो सहाशे. सिस्टरनी काट्यावरचा आकडा दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "आजी, दाभणवाल्या आजी त्या तुमीच ना?" मी म्हटलं, "व्हय, पहार घरी ठेवून आले." त्या हसल्या. पुढच्या महिन्यात ओठाची तारीख देणार आहेत. तेवढ्यात पाथर्डीकडची एक बाळंतीण आली. विशीची असेल नसेल. पोर दहा दिवसांचं, तसंच तोंड, आणि पोराचं टोपडं पार नाकापर्यंत आलेलं. तिच्या सासूनं ओढलं असणार. सिस्टरच्या हातात दुसरं काम होतं. म्हणाल्या, "आजी, दाखवा जरा हिला."

मी तिच्या शेजारी बसले. आधी ते टोपडं वर सारलं. पोर तिच्या मांडीवर उभं बसवलं, तिचा हात धरून त्याची मान वर करवली. बाटली तिच्या बोटांत दिली आणि तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवली. म्हटलं, "त्यानं गिळलं की दाब. थांबलं की थांब. घाई करू नको, ते काय कुठं पळून चाललंय व्हय?" पोर प्यायलं. फार नाही, पण प्यायलं, आणि दूध पोटात राहिलं. ती पोरगी माझ्याकडं बघत म्हणाली, "आजी, कुठं शिकलात हो?"

आणि मी म्हणाले, "माझ्या आईनं दाखवलं."

सिस्टर तिकडून ओरडल्या, "वा! अन् मी काय गोट्या खेळत हुते व्हय?" सगळे हसले. मी दुरुस्त केलं नाही. ती पोरगी म्हणाली, "लई चांगला हात आसंल तुमच्या आईचा." मी म्हटलं, व्हय, चांगला होता.

एवढं तुला कळवायचं राहिलं होतं, ते लिहिलं. हे पान कुठं जाणार नाही, माझ्या ट्रंकेत साडीखाली पडून राहील. आणि चांगला होता म्हणाले म्हणून वरचं एक अक्षरही मी खोडणार नाही.